भिंतीचं औषध

हॅरियट बेटावर औषध दोनच ठिकाणी ठेवलेलं असे. एक दवाखान्यात, नर्स प्रॉस्परच्या कपाटात; दुसरं थॅडियसच्या डाइव्ह शॉपमधल्या फ्रिजमध्ये. कपाटातलं माणसांसाठी, फ्रिजमधलं समुद्रासाठी.

फ्रिजमधल्या पांढऱ्या बादलीविषयी पाहुण्यांना सांगायचं काम थॅडियसच्या बायकोचं, लिनेटचं होतं. ती नसाऊला कॉलेजात जीवशास्त्र शिकून आलेली, त्यामुळे बोलणं तिच्याकडे आणि बुड्या मारणं नवऱ्याकडे अशी वाटणी आपसूक झाली होती. दुपारची जेवणं आटोपली की ती केझियाला कडेवर घेऊन डेकवर उभी राही. सांगे, आमचं बेट किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर संपतं, तिथून खाली सरळ भिंत आहे, तळ न दिसणारी, आणि त्या भिंतीवरचं प्रवाळ आजारी आहे. आधी एक पांढरा ठिपका पडतो. मग मांस गळत जातं आणि मागे चुन्याचा सांगाडा उरतो. पण जिवंत आणि मेलेल्याच्या मधे एक सीमा असते, बोटभर रुंद. त्या सीमेवर औषधाचा लेप दाबून भरला, तर कधीकधी रोग तिथेच थबकतो.

"औषध तेच, तुमच्या मुलांचा कान दुखला की डॉक्टर देतात ते. फक्त आमच्याला गुलाबी रंग आणि स्ट्रॉबेरीचा वास नाही," ती म्हणे, आणि पाहुणे हसत. मग थॅडियस लेप भरलेल्या जाड सिरिंजा वाटे आणि सगळे बोटीकडे निघत.

एकेकाळी या बेटावर मीठ पिकत होतं. थॅडियसच्या आजोबांनी जन्मभर मिठागरात फावडं ओढलं. मिठाला कुणी विचारीनासं झालं तशी माणसं शेजारच्या ग्रँड टर्क बेटावर गेली, प्रोव्होला गेली, काही नसाऊच्या हॉटेलांत खोल्या झाडायला गेली. मीठ ओढणारी गाढवं तेवढी मागे राहिली. मग पाण्याखालची भिंत बघायला पाणबुडे येऊ लागले, आणि मिठावर जगणारं बेट भिंतीवर जगू लागलं. भिंतीला रोग लागला तेव्हा सगळ्यांनी मानलं की आता हेही संपलं. पण झालं उलटंच. ओहायोहून, टोरांटोहून माणसं स्वतःच्या हातानं लेप लावायला येऊ लागली. एकेक प्रवाळ दत्तक घेऊ लागली. दत्तक घेतलेल्या प्रवाळाशेजारी त्यांच्या नावाचा बिल्ला ठोकला जाई आणि दर महिन्याला लिनेट त्यांना त्याचा फोटो पाठवी. भिंत धडधाकट होती तेव्हा आले नसतील इतके पाहुणे ती आजारी पडल्यावर आले.

"माणूस मेल्यावर लोक त्याचं कौतुक करतात," थॅडियस म्हणे, "आपली भिंत शहाणी. मरता मरताच करून घेतेय."

ती भिंत लिनेटनं केझिया पोटात राहिल्यापासून पाहिली नव्हती. आधी पोट होतं म्हणून, मग अंगावर पाजत होती म्हणून, आणि मग मुलीला तासभरही दुसऱ्याच्या हाती सोपवायचा धीर होईना म्हणून. थॅडियस फोनवर फोटो दाखवी तेवढीच भिंत तिला ठाऊक. त्यात सगळ्यात मोठं प्रवाळ म्हणजे डॉर्कस, बेटावरच्या जुन्या सुईणीचं नाव दिलेलं, छोट्या मोटारीएवढं. लेपानं डॉर्कस वाचली असं ती पाहुण्यांना छाती फुगवून सांगे.

तिचं सगळं लक्ष केझियाकडे असे. झोपलेल्या मुलीच्या नाकापुढे बोट धरून बघायची, चवळी चिरडल्याशिवाय तोंडात द्यायची नाही, पाण्याच्या टबाशेजारून उठायची नाही. थॅडियसची मावशी युलाली शेजारच्याच घरात राहत होती. ती म्हणायची, "पोरीला शिंक यायच्या आधी तुला पडसं होतं गं." लिनेट हसून सोडून देई. अडीच वर्षांची केझिया तेव्हा नुकती बोलती झाली होती, आणि झाली ती अशी की थांबायचं नाव नाही. ऐकलेला प्रत्येक शब्द परत म्हणून बघायची. पाहुण्यांची नावं, मावशीच्या शिव्या, काहीही.

नोव्हेंबरच्या अखेरीला उत्तरेचा वारा सुटला आणि ग्रँड टर्कची फेरी बंद झाली. छोटं विमान तर धावपट्टी खचल्यापासून उतरतच नव्हतं. त्याच सकाळी केझिया कान धरून रडत उठली. अंग तापलेलं. मावशीनं लसूण घालून कोमट केलेलं तेल आणलं, ते लिनेटनं लावू दिलं नाही. मुलीला उचललं आणि तडक दवाखाना गाठला.

नर्स प्रॉस्पर मूळची जमैकाची. बोलणं तोडून टाकल्यासारखं, हात मात्र हलका. तिनं कानात उजेड टाकून बघितलं आणि कान आतून पिकल्याचं सांगितलं. गुलाबी औषधाची शेवटची बाटली गेल्या आठवड्यातच संपली होती. नवी खोकी ग्रँड टर्कच्या धक्क्यावर पडून होती, फेरी सुटली की येणार होती. फेरी कधी सुटेल म्हणून लिनेटनं विचारलं, तर नर्स म्हणाली, ते वाऱ्याला विचार. मग तिनं खिडकीतून पाण्याकडे नजर टाकली.

"दुपारपर्यंत समुद्र जेमतेम बरा आहे. थॅडियसला म्हणावं, आत्ताच बोट काढ. पोचाल. उद्याचं मला सांगता येत नाही."

लिनेट लाटांकडे बघत राहिली. उघडी डाइव्ह बोट, ओलं पोर, मधली खाडी. आणि तेव्हाच तिला बादली आठवली.

ती म्हणाली, आमच्याकडे तर बादलीभर आहे. शुद्ध पावडर. त्यात काही मिसळलेलं नाही, मलम थॅडियस रोज सकाळी वेगळं कालवतो. नर्सनं विचारलं, झाकण घट्ट असतं का, पावडर कोरडी आहे का, डब्यावर काय लिहिलंय. लिनेटनं सगळं तोंडपाठ सांगितलं. रोज दुपारी तेच तर सांगत होती.

"आण तर मग," नर्स म्हणाली. "मी वजन करून देते. वरून बोलणी बसली तर मी खाईन. पण आणणार नसलीस तर बोटीनं जा. दोन्हींपैकी एक, आणि आजच."

घरी येताना लिनेटचं मन हलकं झालं होतं. बेटावर आज औषधाशिवाय कुणाचं अडलं असेल तर अडो, आपल्या घरात मात्र फ्रिजभर आहे. एवढी सुरक्षित ती कधीच नव्हती.

थॅडियस टाक्यांत हवा भरत होता. तिनं सगळं सांगितलं आणि बादली मागितली. त्यानं कॉम्प्रेसर बंद केला. हात पुसले, परत पुसले. मग म्हणाला, "आपण ग्रँड टर्कलाच जाऊ. मी बोट काढतो."

"औषध घरात असताना?"

"ते समुद्रासाठीचं आहे, लिन."

"नर्स देते म्हणतेय. तुला नर्सपेक्षा जास्त कळतं?"

तो म्हणाला, पोरीला डॉक्टरनं बघितलेलं बरं. ती म्हणाली, या वाऱ्यात पोर बोटीत बघूनच डॉक्टर मला वेड्यात काढेल. तो म्हणाला, ही खाडी मी झोपेत पार करतो. ती म्हणाली, तू करत असशील, ती अडीच वर्षांची आहे. बोलणं ऐकून युलाली मावशी दारात आली आणि लिनेटच्या बाजूनं झाली. या घरात एक बुडालेला बाप पुरे आहे, एवढंच म्हणाली. थॅडियसचा बाप याच खाडीत गेला होता. थॅडियस पुन्हा एकदा म्हणाला, "माझं ऐक, जाऊ या," आणि लिनेटला तो हट्ट वाटला. पुरुषांना पाण्यावर जाऊन काहीतरी करून दाखवायचं असतं तसला. तिनं नाही म्हणून सांगितलं.

एक वाक्य बोलला असता तर ती धावत बोटीत बसली असती. तो ते बोलला नाही. म्हणाला, बरं, बादली जड आहे, मी स्वतः नर्सकडे नेतो.

तासाभरानं तो कागदाची पुडी घेऊन आला. नर्सनं मोजून दिलंय, म्हणाला, साखरपाण्यातून दे. पुडीतली पावडर पिवळसर होती आणि भयंकर कडू. केझियानं पहिला घोट थुंकला. लिनेटनं मधात घालून, नाक दाबून पाजला. संध्याकाळी ताप जरासा उतरल्यासारखा वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत चढला. लिनेटला औषधाचं सगळं ठाऊक होतं, लगेच गुण येत नसतो हेही. ती कपाळावर ओली फडकी बदलत राहिली आणि स्वतःला समजावत राहिली की औषध पोटात गेलंय, आता वाट बघायची. पाण्याकडे तिनं बघितलं नाही. तिथे लाटा आता धक्क्यावरून पलीकडे पडत होत्या.

थॅडियस पाहुण्यांना घेऊन बेटाच्या आडोशाला गेला होता. उथळ पाण्यात त्यांना काहीतरी दाखवणं भाग होतं. जाताना दारात रेंगाळला, केझियाच्या पायाला हात लावून बघितला, आणि गेला.

दुपारी केझियानं मावशीनं आणलेल्या कण्यांकडे बघितलंसुद्धा नाही. मान वळवायला गेलं की किंचाळू लागली. लिनेट तिला उचलायला वाकली तेवढ्यात दारात नर्स प्रॉस्पर आली. कुणाच्यातरी बाळंतपणाहून परतताना मावशीला शोधत आली होती, हातात तिची औषधांची पिशवी होती. तिनं खाटेकडे बघितलं आणि दारातच थांबली.

"तुम्ही इथे?" ती म्हणाली. "पावडर आली नाही म्हणून मला वाटलं, तुम्ही कालच बोटीनं गेलात."

लिनेटला आधी नीट ऐकूच आलं नाही. पावडर आली नाही म्हणजे? मोजून तर तुम्हीच दिलीत. पुडी तिथेच उशाशी होती. नर्सनं ती उघडली, जिभेला लावली, थुंकली आणि विचारलं, हे कुणी दिलं? मग उत्तराची वाट न बघता केझियाची मान हळूच उचलून बघितली. मान लाकडासारखी ताठ होती, उचलताना सगळं अंगच वर आलं.

"बादली कुठे आहे?" नर्स म्हणाली.

फ्रिजला कुलूप होतं आणि किल्ली थॅडियसच्या गळ्यात. मावशीनं खोबरं सोलायची पहार आणली. कडी तुटायला एक घाव पुरला. लिनेटनं बादली ओढून झाकण उघडलं. आत पांढरीशुभ्र पावडर, वर लहान वाटी ठेवलेली. तिनं चिमूट घेतली आणि बोटांत चोळली.

पावडर बोटांखाली कुरकुरली. रेशमासारखी मऊ, दाबलं की चिरचिरणारी. केकसाठी, रस दाट करायला ती महिन्यातून कितीदा तरी हे पीठ चाळत होती. तिनं परत चोळलं. मावशीनंही बोट घातलं आणि काढून जिभेवर ठेवलं.

"मक्याचं आहे," मावशी म्हणाली.

नर्सनं पिशवीतून जखमेवर लावायचं आयोडिन काढलं आणि एक थेंब वर टाकला. थेंब पडला तिथे पीठ काळंनिळं झालं. शाळेत नववीला करून दाखवतात तो प्रयोग. लिनेट त्या डागाकडे बघत होती. तिच्या मनात एवढंच आलं की आपण रोज दुपारी डेकवर उभ्या राहून काय सांगत होतो.

बोट आडोशाच्या धक्क्याला लागली तेव्हा ती तिथे उभी होती. केझियाला ब्लँकेटात गुंडाळून छातीशी धरलेलं, शेजारी नर्स. पाहुणे हसत उतरत होते. मिसेस हॉलिस नावाची निवृत्त शिक्षिका सगळ्यात मागे होती. तिनं केझियाच्या गालाला हात लावला आणि विचारलं, माझ्या कॅप्सूल लागू पडल्या ना? थॅडियसनं काल फार काकुळतीनं मागितल्या. माझ्या त्या पोटासाठी असतात, बाहेरचं खाल्लं की मला त्रास होतो म्हणून, पण जोरदार आहेत.

थॅडियस दोर हातात घेऊन तसाच उभा होता. लिनेटनं त्याच्याकडे बघितलं, आणि तो एकदाच सगळं बोलून गेला, पाहुण्यांसमोरच, हळू आवाजात. औषधाचा परवाना ईस्टरलाच संपला होता. नवा मागितला, त्यावर उत्तर आलं नाही. पावडर जूनमध्ये संपली. बुकिंग तर पुढच्या वर्षापर्यंत झालेली. मलम भरपूर होतं, त्यात पांढरं काहीतरी घालायला हवं होतं.

"तुला सांगितलं असतं तर तू दुपारचं बोलणं थांबवलं असतंस," तो म्हणाला. "मग काय खाल्लं असतं आपण? आणि औषध होतं तेव्हाही भिंत मरतच होती, लिन. जरा सावकाश, एवढंच."

"काल," ती म्हणाली. "काल का नाही सांगितलंस?"

तो दोर मनगटाभोवती गुंडाळत राहिला.

"मी नाही म्हणत होते तेव्हा. बादली आहे, बादली आहे म्हणत होते तेव्हा."

"मी चल म्हणालो होतो," तो म्हणाला. "दोनदा म्हणालो."

ते खरं होतं. नर्स म्हणाली, भांडण खाडी ओलांडल्यावर करा, आणि सगळ्यांच्या आधी बोटीत चढली.

खाडी कशी पार झाली ते लिनेटला नंतर तुकड्यातुकड्यांनी आठवे. थॅडियसनं तिला आणि मुलीला टाक्यांच्या रॅकमधे पट्ट्यांनी बांधून घातलं होतं. तो लाटेकडे तोंड करून उभा होता, बोट चढवत होता, उतरवत होता. त्याच्याइतका चांगला नावाडी त्या पाण्यावर दुसरा नसेल, आणि ते बघून तिला त्याचा जास्तच राग येत होता. काल पाणी याच्या निम्म्यानंही नव्हतं. नर्स पाण्याचे फवारे स्वतःच्या पाठीवर घेत केझियावर वाकून बसली होती. अर्ध्या वाटेवर मुलीला झटका आला, डोळे पांढरे झाले. लिनेटनं देवाला काहीही कबूल केलं. काय काय कबूल केलं तेही तिला नंतर आठवलं नाही.

केझिया वाचली. ग्रँड टर्कच्या डॉक्टरांनी काही हातचं राखलं नाही. पहिलं इंजेक्शन दिलं आणि रात्र पडायच्या आत विमानानं प्रोव्होला पाठवलं. कानातला पू मेंदूच्या आवरणापर्यंत गेला होता. बरेच दिवस गेले. मग ताप उतरला, मान सैल झाली, एका सकाळी तिनं शेजारच्या मुलाच्या जेलीकडे बोट दाखवलं. लिनेट आनंदानं रडली. तिनं जेली भरवली, नाव घेऊन हाक मारली, गाणं म्हटलं. पोरगी चमचा चाटत राहिली. थकलीय म्हणून बोलत नाही, लिनेटनं मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आयाच्या हातून जेवणाचं ताट खाटेमागे फरशीवर पडलं. लिनेट दचकून उभी राहिली. शेजारच्या खाटेवरचं बाळ रडायला लागलं. केझिया खिडकीच्या काचेवर बोटानं रेघा ओढत होती, तशीच ओढत राहिली.

दोन्ही कान, डॉक्टर म्हणाले. लिनेटनं विचारलं, एक दिवस आधी आणलं असतं तर? डॉक्टर तरुण होते, तरी त्यांना हा प्रश्न नवा नसावा. असं सांगता येत नाही, ते म्हणाले. थॅडियस भिंतीला टेकून उभा होता. तो बाहेर निघून गेला.

त्याला सोडायचं तिनं प्रोव्होतच ठरवलं होतं. मायामीला एक शस्त्रक्रिया होते, कानाच्या मागे यंत्र बसवतात, मूल लहान असतानाच केलं तर काही उपयोग होतो, असं कळलं आणि ते ठरवणं मागे पडलं. नसाऊत आईच्या दीड खोलीत जाऊन ती काय करणार होती? मिळकत जी काही होती ती हॅरियटवर, त्या शॉपमधे, बुक झालेल्या पाहुण्यांत. ती परत आली. थॅडियसशी कामापुरतं बोलू लागली. केझिया घरभर हिंडे, पण आता तोंडातून शब्द येत ते उलटे, अर्धे, आणि महिनाभरात येईनासेच झाले. जे शब्द तिनं आदल्या महिन्यात दिवसभर घोळवले होते ते एकेक करून तिच्याकडून गळून पडताना लिनेट बघत होती. युलाली मावशी आता तिला काही म्हणत नसे. पोरीला मांडीवर घेऊन नुसती डोलत बसे.

नाताळनंतरची पहिली टोळी आली त्या दुपारी थॅडियस म्हणाला, मी आज यांना खरं सांगून टाकणार आहे. गेले कितीतरी दिवस तो नीट जेवत नव्हता, गळ्याची हाडं दिसत होती. सांगतो आणि बंद करतो, म्हणाला. परत मासेमारी करू.

लिनेट टेबलाशी बसून फळं चिरत होती. तिनं सुरी ठेवली नाही.

"आता सांगून कुणाचे कान येणार आहेत?"

"लिन, तूच तर…"

"मी काय? मला मायामीला जायचंय. तू सांग तुझं खरं, आणि मग तिथल्या डॉक्टरला मासे नेऊन दे."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती उठली, हात धुतले, प्रवाळाच्या चित्रांचा फळा घेतला आणि डेकवर गेली. मुलगी कडेवर नव्हती, बाकी सगळं तेच बोलली. एक पांढरा ठिपका, बोटभर सीमा, लेप. गुलाबी रंगाचा विनोद तेवढा गाळला. पाहुण्यांना फरक जाणवला नाही.

त्यानंतर थॅडियसनं भिंतीवर जायचं सोडलं. बोट चालवी, पाहुण्यांना पाण्यात सोडी आणि वर बसून राही. खाली न्यायला कुणीतरी हवं होतं. लिनेटनं केझियाला मावशीकडे ठेवलं, पूर्वीचा सूट घातला, आता तो कंबरेला घट्ट होत होता. सकाळी उठून लेप तिनंच कालवला. मलमात पीठ किती घालायचं, पिवळट छटा यायला त्यात काय मिसळायचं, हे तिला थॅडियसपेक्षा चांगलं जमलं. तिचा हात स्वयंपाकातला.

एवढ्या काळानं खाली गेल्यावर आपल्याला काय वाटेल याची ती वाटेत धास्ती घेत होती. डॉर्कस दिसली तेव्हा काहीच वाटलं नाही. मोटारीएवढा दगड, वर शेवाळाचा करडा थर, एका कुशीला तळव्याएवढा जिवंत तुकडा. अंगभर लेपाच्या जुन्या वाळल्या रेघा, एकीच्या आत एक, रोग जसजसा पुढे सरकला तसतशा मागे राहिलेल्या. पायथ्याशी दत्तक आईबापांच्या नावांचे बिल्ले ओळीनं. त्यांतल्या बऱ्याच जणांना तिनं मागच्या महिन्यात फोटो पाठवले होते. ते फोटो थॅडियसच्या फोनमधले, म्हणजे कधीचे कोण जाणे.

तिच्यासोबत टोरांटोची एक बाई होती. तिनं मोठ्या मायेनं बोटानं लेप दाबायला सुरुवात केली, तान्ह्या बाळाच्या अंगाला तेल लावावं तशी. लिनेटनं तिला दाखवलं, असं, कडेपर्यंत, फट ठेवायची नाही.

तेवढ्यात पाण्यातून आवाज आला. आधी लांबून, दार कण्हावं तसा, मग चढत गेलेला, मग खोल उतरलेला. जानेवारीत देवमासे भिंतीच्या बाहेरच्या अंगानं जातात. ते दिसत नव्हते, पण आवाज चारी बाजूंनी येत होता, दातांत, बरगड्यांत शिरत होता. टोरांटोच्या बाईचा हात थांबला. मास्कमागे तिचे डोळे भरून आले होते. तिनं कानाशी हात नेला आणि लिनेटकडे बघून भुवया उंचावल्या. ऐकू येतंय ना?

लिनेटनं मान हलवली, येतंय म्हणून. बाईनं तिचा हात हातात घेतला आणि दाबून धरला. तो आवाज संपेपर्यंत दोघी तशाच तरंगत राहिल्या. मग लिनेटनं हात सोडवून घेतला, हवेच्या काट्याकडे नजर टाकली, आणि सिरिंजमधला उरलेला लेप त्या मेलेल्या दगडावर एकसारखा भरायला घेतला.